मोकळ्या जागेचा पहिला हक्क : प्रस्तावना

७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची वीसहून अधिक खेडी एका कारभाराखाली आली आणि सुमारे २५९ चौरस किलोमीटरचे शहर कागदावर उभे राहिले. त्या हद्दीचा मोठा भाग तेव्हा शेतीचा आणि माळरानाचा होता. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या थोडी पुढे होती. २००१ मध्ये ती पावणेअकरा लाखांवर गेली आणि २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार झाली. वीस वर्षांत माणसे दुपटीहून अधिक झाली, जमीन मात्र तेवढीच राहिली. त्या जमिनीवर घर हवे, रस्ता हवा, गाडी लावायला जागा हवी, मुलांना मैदान हवे, नदीला पसरायला काठ हवा आणि दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्याला तळ हवा. या सगळ्या गरजा खऱ्या आहेत. पण त्यांचा विचार करणारी टेबले वेगवेगळी आहेत. वाहतूक पोलीस आयुक्तालयाकडे, बांधकाम परवानगी नगररचना विभागाकडे, झाडे उद्यान विभागाकडे, महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाकडे आणि नदी जलसंपदा खात्याकडे. प्रत्येक खाते आपल्या गरजेपुरती जागा मागते आणि ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून मिळते, म्हणजे जिथे अजून काही बांधलेले नाही तिथून. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो. कोंडी, बांधकाम आणि मोकळी जागा हे तीन प्रश्न एकाच जमिनीचे आहेत, आणि मोकळ्या जागेचा हिस्सा आधी बाजूला काढून ठेवला तरच उरलेले दोन सुटू शकतात, असे माझे म्हणणे आहे. ते सिद्ध करण्यासाठी नाशिकचाच पुरावा पुरेसा आहे.

पहिला पुरावा कपाटांचा. गेल्या दशकात नाशिकच्या बांधकाम व्यवसायाला ज्या एका प्रश्नाने जेरीस आणले तो हाच. सदनिकेच्या मंजूर नकाशात भिंतीलगत कपाटासाठी म्हणून एक पट्टा दाखवलेला असे आणि तो चटईक्षेत्रात धरला जात नसे. प्रत्यक्षात तो पट्टा खोलीत सामावून घेतला जाई. हिशेब काटेकोरपणे तपासला जाऊ लागल्यावर वाढीव बांधकाम उघड झाले आणि हजारो इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. पैसे भरून राहायला आलेल्या कुटुंबांचा यात काहीच दोष नव्हता, त्यामुळे तोडगा काढणे भागच होते. वाढीव क्षेत्र नियमित करायचे तर टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, विकत घेऊन ते भरून काढायचे. पण टीडीआरसाठी समोरचा रस्ता किमान ९ मीटर रुंद हवा, आणि यांतल्या बऱ्याच इमारती ६ आणि साडेसात मीटरच्या कॉलनी रस्त्यांवर होत्या. मग महापालिका अधिनियमाच्या कलम २१० चा आधार घेऊन दोन्ही बाजूंच्या भूखंडांतून थोडी थोडी जागा घेत हे रस्ते ९ मीटरचे धरण्याचा मार्ग पुढे आला. या व्यवहाराचा क्रम नीट पाहिला पाहिजे. रस्त्यावर गर्दी होते म्हणून रस्ता रुंद करण्याचे ठरले नाही. इमारत आधीच मोठी झाली होती, तिला नियमात बसवण्यासाठी रस्त्याची रेषा मागे सरकवावी लागली. बांधकामाने रस्त्याची रुंदी ठरवली, आणि ती जागा गेली इमारतीपुढच्या सामासिक अंतरातून, म्हणजे जिथे एखादे झाड लावता आले असते किंवा त्याच इमारतीतल्या गाड्या उभ्या राहिल्या असत्या तिथून.

आता ६ मीटरच्या अशा एखाद्या कॉलनी रस्त्याचा हिशेब मांडून पाहू. दोन्ही कडांना एकेक मोटार उभी राहिली की प्रत्येकी सुमारे १.८ मीटर जागा जाते. मधे राहतात २.४ मीटर. अग्निशमन दलाच्या मोठ्या बंबाची रुंदीच जवळपास अडीच मीटर असते. म्हणजे रात्री दहानंतर, सगळ्या गाड्या घरी परतल्यावर, त्या गल्लीत आग लागली तर बंब तोंडाशीच थांबेल. पदपथ या रस्त्याला नसतोच. ज्येष्ठ माणसाला सकाळी चालायला जायचे तर तो गाड्यांमधल्या फटीतून वाट काढतो. या रस्त्यावर राहणाऱ्या कोणीही नियम मोडलेला नसला तरी हे घडते, कारण नियमातच रस्त्याच्या रुंदीखेरीज दुसऱ्या कशाची मोजदाद नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१० एवढाच चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो आणि रस्ता रुंद होत जाईल तसतसा प्रीमियम व टीडीआर धरून तो वाढत ३० मीटरच्या रस्त्यावर ३.०० पर्यंत पोहोचतो. निवासी इमारतींना त्यावर अनुषंगिक क्षेत्र वेगळे. रुंद रस्त्यावर उंच इमारत, हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. पण त्या रुंद रस्त्यावरून दर दहा मिनिटांनी बस जाते की दिवसातून चार वेळा, पाऊण किलोमीटरच्या आत मैदान आहे की नाही, पावसाचे पाणी वाहून नेणारा नाला मोकळा आहे की पाइपात कोंबलेला, यांपैकी काहीही त्या तक्त्यात विचारले जात नाही. रस्त्याची रुंदी एकदा मोजली की पुढचे सगळे आपोआप ठरते.

मोकळ्या जागेसाठी नियमावलीत तरतूद नाही असे मात्र नाही. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर रेखांकन करायचे तर दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. नाशिकच्या वसाहतींमध्ये लोक जिला सरळ ‘ओपन स्पेस’ म्हणतात ती हीच. त्याहून लहान जमिनींना ही अट नाही, त्यामुळे लहान लहान तुकड्यांत वाढलेल्या भागात अशी जागा मुळातच निघाली नाही. जिथे निघाली तिथेही ती टिकतेच असे नाही. आधी एका कोपऱ्यात छोटे देऊळ येते, मग त्याला सभामंडप जोडला जातो. पुढे अभ्यासिका, व्यायामशाळा, समाजमंदिर, विजेचे रोहित्र आणि उरलेल्या पट्ट्यात वाहनतळ. यातली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी गरजेची असते, म्हणून प्रत्येक वेळी विरोध करणारा माणूस वाईट ठरतो. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार अनधिकृत धार्मिक स्थळांवर महापालिकेने कारवाई केली, तेव्हा त्यांतली कितीतरी बांधकामे वसाहतींच्या खुल्या जागांवरच उभी असल्याचे दिसले. लोकांच्या भावना दुखावल्या आणि खुल्या जागेवरच्या बांधकामालाच काही प्रमाणात मान्यता द्या, अशी मागणी जोर धरू लागली. श्रद्धेची जागा आणि मुलांच्या खेळाची जागा यांना एकमेकांसमोर उभे करण्याची पाळी यायलाच नको होती. ती आली, कारण देवळासाठी, अभ्यासिकेसाठी, दवाखान्यासाठी स्वतंत्र जागा वेळेवर ताब्यात घेतली गेली नाही आणि खुली जागा सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही, असे धरले गेले.

ताब्यात घेतली गेली नाही, हा मुद्दा आरक्षणांपर्यंत जातो आणि तिथे तो अधिक गंभीर होतो. विकास आराखड्यात मैदान, उद्यान, शाळा, भाजीबाजार, वाहनतळ यांसाठी जागा आरक्षित होतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मधला आहे. त्याच्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरावीक मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. नाशिक महापालिकेचा पहिला आराखडा गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातला. सुधारित आराखड्याची तयारी वादात सापडली, आधीचा मसुदा रद्द होऊन नवा करावा लागला आणि अखेर जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. म्हणजे या आराखड्याची दहा वर्षे २०२७ मध्ये भरतात. ज्या वर्षी साऱ्या देशाचे डोळे गोदाकाठच्या सिंहस्थातल्या अमृतस्नानाकडे लागलेले असतील, त्याच वर्षी शहराच्या मैदानांवरचे आणि उद्यानांवरचे आरक्षण उठवण्याच्या नोटिसा देण्याचा हक्क जमीनमालकांना मिळेल. त्यात बेकायदा काही नाही. स्वतःच्या जमिनीवर दहा वर्षे ना मोबदला मिळतो, ना बांधता येते, अशा अवस्थेत ठेवलेल्या शेतकऱ्याने कायद्याचा आधार घेतला तर त्याला दोष कसा द्यायचा? दोष आहे तो आरक्षणाचा रंग नकाशावर भरून पैशांची तरतूद न करण्याच्या सवयीत.

वाहतुकीचा पुरावा तर शहरात शिरतानाच दिसतो. मुंबई-आग्रा महामार्ग नाशिकच्या मधून जातो आणि पुण्याकडून येणारा रस्ता द्वारका चौकात त्याला मिळतो. २०१३ मध्ये महामार्गावरचा लांबलचक उड्डाणपूल सुरू झाला. शहरात न थांबणारी जड वाहने वरून जाऊ लागली, हा त्याचा खरा लाभ. पण द्वारकेची कोंडी हटली नाही, कारण तिथली गर्दी मुख्यतः शहराचीच आहे. नाशिकरोडकडून, जुन्या नाशकातून, पंचवटीकडून येणारी माणसे तिथे एकत्र येतात. पायी चालणाऱ्यांसाठी तिथे भुयारी मार्ग बांधला गेला आणि तो वापराविना पडून राहिला. रस्ता ओलांडायला खाली उतरून, अंधारातून जाऊन पुन्हा वर चढावे लागत असेल तर माणूस वाहनांमधून पळत जाणे पत्करतो. यात बेशिस्त आहेच, पण ज्याच्या सोयीसाठी मार्ग बांधला त्याला न विचारता बांधल्याचा परिणामही आहे. रस्ते वाढवल्याने कोंडी कायमची सुटत नाही, हे जगभरातल्या वाहतूक अभ्यासकांनी अनेक दशके दाखवून दिले आहे. नवा रस्ता मोकळा दिसला की आधी टाळलेल्या फेऱ्या लोक करू लागतात, दूरच्या जमिनीवर घरे उठतात, आणि काही वर्षांत तो रस्ताही भरतो. सिंहस्थाच्या निमित्ताने मंजूर झालेला सुमारे ६६ किलोमीटरचा बाह्य परिक्रमा मार्ग याच कसोटीवर पाहायला हवा. परगावची वाहने शहराबाहेरून वळवण्यासाठी तो हवाच आहे. पण त्याच्या दोन्ही कडांना नव्या वसाहतींची रांग लागू दिली तर एका पिढीत तोही शहरातला आणखी एक तुंबलेला रस्ता होईल.

मग माणसे न्यायची कशी? केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवण्याला महत्त्व द्या, असे सांगितले. नाशिकसाठी टायरवर धावणाऱ्या मेट्रो निओचा प्रस्ताव आला, २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली आणि २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेखही झाला. पण मार्गावर काम काही उभे राहिले नाही. दरम्यान ८ जुलै २०२१ रोजी महापालिकेच्या परिवहन महामंडळाची सिटीलिंक बससेवा सुरू झाली, अडीचशे बसचे उद्दिष्ट ठेवून. ही सेवा तोट्यात आहे, आणि ठेकेदाराकडून वेतन थकल्यावर कर्मचाऱ्यांनी बस आगारातच उभ्या ठेवल्याचे प्रसंगही वारंवार आले. तरीही या शहराच्या हातात आज असलेले सर्वांत स्वस्त आणि जागेची सर्वाधिक बचत करणारे साधन हेच आहे. मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरातल्या माणसामागे १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. म्हणजे उभी असलेली एक मोटार एका नागरिकाच्या वाट्याच्या संपूर्ण मैदानाएवढी जागा अडवते, आणि ती मोटार घरी, कार्यालयात आणि बाजारात अशा किमान तीन ठिकाणी ही जागा मागते. बसच्या तोट्याचा आकडा दरवर्षी सभागृहात वाचून दाखवला जातो. रस्त्याच्या कडेला फुकट दिलेल्या साडेबारा चौरस मीटरांचा तोटा कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

सिंहस्थाचा विषय नाशिकमध्ये सगळ्या विषयांच्या वर असतो आणि तो तसाच असावा. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाजवळच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा मृत्यू झाला. गर्दीला मोकळी जागा नसेल तर काय होते, याचा यापेक्षा दारुण धडा या शहराला मिळालेला नाही. पुढे पर्यायी मार्ग आखले गेले आणि २०१५ चा सोहळा सुरळीत पार पडला. सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी वसवल्या जाणाऱ्या साधुग्रामसाठी तपोवनात शेकडो एकरांचे नियोजन असते, त्यांतली महापालिकेच्या मालकीची जागा मात्र साधारण ५४ एकरांची, बाकीची शेतकऱ्यांची, दर वेळी भाड्याने घेतली जाणारी. या ५४ एकरांत मधल्या काळात झाडे वाढली. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात साधुग्रामसाठी तिथली अठराशेच्या आसपास झाडे तोडण्याचा वा हलवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शहर रस्त्यावर उतरले आणि प्रश्न हरित लवाद व न्यायालयापर्यंत गेला. या वादाला श्रद्धा विरुद्ध पर्यावरण असे रूप देण्याचा प्रयत्न झाला. मला तो मान्य नाही. प्रभू रामचंद्रांच्या वनवासाची स्मृती ज्या वनाशी जोडलेली आहे तिथे झाडे असावीत, असे म्हणणारा माणूस श्रद्धेच्या विरोधात कसा असेल? खरा प्रश्न वेगळा आहे. सिंहस्थ केव्हा येणार हे बारा वर्षे आधी माहीत असते. एवढी वर्षे हातात असूनही तळाची जमीन कायमची मिळवली गेली नाही, म्हणून शेवटच्या वर्षी हाताशी असलेल्या एकमेव मोकळ्या तुकड्यावर सगळा भार आला. उंटवाडीच्या जुन्या वडाच्या बाबतीतही हेच झाले होते. मायको सर्कलच्या भागातल्या उड्डाणपुलाच्या वाटेत तो आला, २०२२ मध्ये लोकांनी आवाज उठवला, आणि पुलाची आखणी बदलण्याची गोष्ट निघाली. झाड वाटेत येते ते नकाशा आखताना ते मोजलेले नसते म्हणून. २०२१ च्या दुरुस्तीने राज्याच्या वृक्ष कायद्यात पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. तो दर्जा तोडीच्या अर्जावर विचारात घेण्यापेक्षा रस्ता आखण्याच्या आधी विचारात घेतला तर बरीच भांडणे टळतील.

मोकळ्या जागेचा सर्वांत जुना मालक मात्र पाणी आहे. १९ सप्टेंबर २००८ च्या पुराने गोदावरीने आपली हद्द शहराला पुन्हा दाखवून दिली आणि त्यानंतर निळ्या व लाल पूररेषा आखल्या गेल्या. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाणी पुन्हा चढले आणि नदीकाठी खर्च करून बांधलेल्या गोदापार्कचे मोठे नुकसान झाले. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी आले यावरून पूर मोजणारे हे शहर आहे. तरी नदीचा काठ म्हणजे रिकामी जागा, असा समज नियोजनात टिकून आहे. त्याहून दुर्लक्षित आहेत लहान प्रवाह. जुन्या नाशकातली सरस्वती आज दहीपुलाखालून, सराफ बाजाराच्या पोटातून वाहते. तासभर जोराचा पाऊस झाला की ती रस्त्यावर येते आणि दुकानदार मालावर प्लास्टिक टाकत उंबरठ्याशी फळ्या लावतात. नासर्डी आणि वाघाडीच्या काठांची कहाणीही फारशी वेगळी नाही. दक्षिण कोरियाच्या सेऊल शहराने २००५ मध्ये एका बुजवलेल्या ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडून तो ओढा पुन्हा उघडा केला. नाशिकला सराफ बाजार पाडायचा नाही आणि पाडूही नये. पण जे प्रवाह अजून उघडे आहेत त्यांच्यावर स्लॅब टाकून वाहनतळ किंवा रस्ता करण्याचा मोह तरी आवरता येईल.

या म्हणण्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना उत्तर देणे आवश्यक आहे, कारण ते बिनबुडाचे नाहीत. पहिला आक्षेप असा की, नाशिक दाट नाहीच. २५९ चौरस किलोमीटरमध्ये २०११ ची लोकसंख्या वाटली तर हेक्टरी ५७ माणसे येतात, आणि हद्दीत अजून शेती आहे. हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. जुने नाशिक, सिडकोच्या सहा योजनांमधली लहान घरे आणि मखमलाबादचे शिवार यांची सरासरी काढून त्या तिघांपैकी एकाचेही जगणे कळत नाही. सिडकोतल्या मुलाला शिवारातली द्राक्षबाग मैदान म्हणून मिळत नाही. ती शेतकऱ्याची खासगी मिळकत आहे आणि उद्या तिचे रेखांकन होऊ शकते. मोकळी जागा घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असेल तरच ती त्या घराची. म्हणून मोजणी प्रभागनिहाय व्हायला हवी. दुसरा आक्षेप घरांच्या किमतीचा आहे. बांधकामावर मर्यादा घातल्या की घरे महागतात आणि कामगार, तरुण जोडपी शहराबाहेर ढकलली जातात. हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यामुळेच उंच इमारतींना किंवा दाट वस्तीला माझा विरोध नाही. दाट वस्तीशिवाय बससेवा चालत नाही, आणि बसखेरीज दाट वस्ती जगत नाही. वाढीव निर्देशांक द्या, पण तो बसच्या मुख्य मार्गांवर द्या आणि त्या प्रभागातल्या मैदानाची जागा महापालिकेच्या नावावर झाल्यानंतर द्या. आज मिळतो तो निर्देशांक रस्त्याच्या रुंदीवर मिळतो, तो बसच्या फेऱ्यांवर आणि मोकळ्या जागेवर मिळावा, एवढाच बदल मी सुचवतो. त्यातून घरे कमी होत नाहीत, त्यांच्या जागा बदलतात.

तिसरा आक्षेप शेतकऱ्यांचा, आणि तो न्यायाचा आहे. शहराला श्वास घ्यायला जागा हवी म्हणून एकाच कुटुंबाने जमीन का गमवावी, जेव्हा शेजारच्याने ती विकून इमारत उभी केली? याचे उत्तर नगररचना योजनेत आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ही पद्धत आपल्याकडे आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते व मैदाने काढायची आणि प्रत्येकाला लहान पण अधिक किमतीचा भूखंड परत द्यायचा. झळ आणि लाभ दोन्ही सर्वांत वाटले जातात. स्मार्ट सिटीच्या काळात मखमलाबाद-हनुमानवाडी परिसरात सातशेहून अधिक एकरांवर अशी योजना आखली गेली आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळे ती अडकली. पद्धत वाईट होती म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. आपल्याला परत किती मिळणार, केव्हा मिळणार आणि दरम्यान पोट कसे भरायचे, या तीन प्रश्नांची लेखी, खात्रीची उत्तरे शेतकऱ्याला मिळाल्याशिवाय कोणतीही योजना पुढे जाणार नाही, आणि जाऊ नये. नियम करून नंतर तो सैल करण्याने विश्वास कसा जातो, हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवले आहे. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता उरला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला, आणि गिरणगावाला मिळू शकणारी मैदाने कायमची गेली. चौथा आक्षेप शिस्तीचा. लोक कुठेही गाडी लावतात, फेरीवाले पदपथ अडवतात, मग नियोजनाला बोल कशाला, असे विचारले जाते. शिस्त हवीच. पण फेरीवाल्यांसाठी २०१४ च्या कायद्याप्रमाणे नेमलेली जागा आणि गाडीसाठी पैसे मोजून मिळणारा तळ नसताना केलेली कारवाई सकाळी होते आणि संध्याकाळी तिथेच पुन्हा पाट्या मांडल्या जातात. जागा नेमून दिल्यानंतर दंड करणे न्याय्य असते आणि तो वसूलही होतो.

या सगळ्यातून करण्यासारखी कामे थोडीच आहेत आणि ती महापालिकेच्या आवाक्यातली आहेत. प्रत्येक प्रभागातल्या खुल्या जागा, आरक्षणे, नाले आणि जुनी झाडे यांची सर्व्हे नंबरसह नोंदवही करून ती विभागीय कार्यालयाच्या भिंतीवर लावावी, म्हणजे कोणती जागा कोणाच्या नावावर आहे हे कोणालाही वाचता येईल. रेखांकनातल्या खुल्या जागांचे सातबारा आणि मिळकतपत्रिका महापालिकेच्या नावे करून घ्याव्यात. आरक्षणांचा प्राधान्यक्रम ठरवून मैदाने आधी घ्यावीत, कारण शाळा आणि दवाखाना इमारतीच्या मजल्यावरही होऊ शकतो, मैदान होऊ शकत नाही. प्रीमियमपोटी येणाऱ्या पैशांचा ठरावीक वाटा त्याच प्रभागातल्या संपादनासाठी बांधून ठेवावा. रस्त्याकडेच्या वाहनतळाला दर लावावा आणि ते उत्पन्न बससेवेला द्यावे. साधुग्रामची जमीन पुढच्या सिंहस्थाची वाट न पाहता, शेतकऱ्यांना योग्य मोबदला देऊन, कायमची घ्यावी आणि मधली अकरा वर्षे ती झाडांसह लोकांना खुली ठेवावी. यांतले एकही काम उड्डाणपुलासारखे उद्घाटनाला शोभणारे नाही, आणि म्हणूनच ती मागे राहतात.

पुढची पाने वाचताना वाचकाने या मागण्या कसोटी म्हणून हाती ठेवाव्यात आणि प्रत्येक प्रकल्पाला एकच प्रश्न विचारावा, तो असा की, यासाठी लागणारी जागा कोणाच्या वाट्याची होती आणि तिची भरपाई त्याच लोकांना चालत जाता येईल इतक्या जवळ मिळणार आहे का? नगररचनेची भाषा अवघड आहे, चटईक्षेत्र आणि टीडीआर ऐकून सामान्य माणूस मागे सरतो, आणि त्या अंतरात निर्णय होऊन जातात. ते अंतर कमी करणे हे या पुस्तकाचे काम आहे. नाशिकपाशी अजून अशा जागा आहेत ज्या मुंबईने आणि पुण्याने केव्हाच गमावल्या. त्या वाचवायला नवा कायदा लागत नाही, मोठे कर्जही लागत नाही. २०२७ मध्ये आराखड्याची दहा वर्षे भरण्याआधी आपल्या प्रभागातले कोणते मैदान अजून ताब्यात आलेले नाही, हे प्रत्येक नागरिकाने आपल्या नगरसेवकाला लेखी विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिले, तर या विषयाची चर्चा तज्ज्ञांच्या बैठकीतून सभागृहाच्या पटलावर येईल. ती तिथे यावी, एवढ्यासाठीच हा सारा लेखनप्रपंच.